‘बॅनर फायनल टू’मध्ये काय लिहिलंय?



मागच्या वर्षीच्या लग्नसराईतली गोष्ट. आमच्या आईच्या फोनवर एक लग्नपत्रिका आली. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचंय. तिनं चष्मा पुसला, फोन खिडकीपाशी नेला, हात लांब केला, मग अगदी नाकाशी आणला आणि शेवटी मला हाक मारली, “अरे, गुलाब छान आहेत रे. पण लग्न कधी आहे?”

मी फोन हातात घेतला. लाल-गुलाबी गुलाबांचा मोठा ताटवा आणि त्यावर सोनेरी अक्षरं. वधू-वरांची नावं एका कळीवरून दुसऱ्या कळीवर गेलेली. तारीख पानावर होती म्हणून वाचता आली. मुहूर्त मात्र नेमका पाकळीच्या घडीत. बारा वाजून पस्तीस की बारा वाजून त्रेपन्न, ते मलाही सांगता येईना. दोन बोटांनी चित्र मोठं करून पाहिलं, तर गुलाब मोठे झाले आणि अक्षरं आणखी पुसट झाली. शेवटी भाच्याला फोन करून विचारलं.

तसं पाहिलं तर ही हसून सोडून देण्यासारखी गोष्ट. ज्याचं लग्न त्यालाच फोन करता आला. पण प्रत्येक वेळी असा फोन करता येत नाही. आणि मला त्या दिवशी पुरतं हसूही आलं नाही, कारण त्या गुलाबांवर सोनेरी अक्षरं ठेवणारा माणूस माझ्याच धंद्यातला. मी स्वतः ही चूक वर्षानुवर्षं केलेली आहे, आणि माझ्या चुकीची किंमत दुसऱ्या कुणी तरी मोजली आहे. आज मी बोलणार आहे ते चित्रांवर ठेवलेल्या अक्षरांबद्दल, विशेषतः वेबसाइटवरच्या.

मी १९९४ साली साताऱ्यात डीटीपीचं काम सुरू केलं. लेटरहेड, हस्तपत्रकं, पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका. पुढे इंटरनेट आलं आणि २००१-०२ पासून मी वेबसाइट तयार करू लागलो. शिक्षण कागदावरच्या छपाईचं आणि काम पडद्यावरचं, अशी माझी अवस्था होती. कागदावर जे सुंदर दिसतं ते पडद्यावरही सुंदरच दिसणार, अशी माझी ठाम समजूत होती.

चित्रावर अक्षरं ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली म्हणजे अक्षरं चित्रातच मुरवून टाकायची. दुधात साखर विरघळल्यावर ती वेगळी काढता येत नाही, तशी ती अक्षरं मग चित्रातून वेगळी निघत नाहीत. तुम्हा-आम्हाला ती अक्षरं दिसतात, पण संगणकाच्या लेखी तिथे फक्त रंगांचे ठिपके असतात. दुसरी पद्धत म्हणजे चित्र मागे ठेवायचं आणि खरी, टाइप केलेली अक्षरं त्याच्यावर ठेवायची, फोटोवरच्या काचेवर लिहावं तशी. इथे संगणकाला अक्षरं कळतात. पण मागच्या चित्राच्या गर्दीत ती माणसाला दिसतील याची खात्री नसते. पहिल्या पद्धतीत अक्षर हे अक्षर राहत नाही आणि दुसऱ्या पद्धतीत ते हरवण्याची भीती असते.

आम्हा मराठी मंडळींना पहिल्या पद्धतीची सवय लागली, त्याला एक कारण होतं. वेबच्या एकाच पानात चित्र आणि मजकूर एकत्र दिसणं रूढ झालं ते १९९३ च्या ‘मोझेक’ या ब्राउझरमुळे. त्यानंतर काही वर्षांतच वेबसाइट घरोघरी पोहोचल्या, पण मराठी अक्षरांचे हाल होते. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ मध्येच जागा मिळालेली होती, तरी आमच्या टेबलावरच्या संगणकांना ते ठाऊक नव्हतं. विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली ती विंडोज २००० पासून, आणि त्यानंतरच्या विंडोज एक्सपीमध्येही ती वेगळी चालू करून घ्यावी लागे. तोवर प्रत्येक फॉन्टवाल्याची आपली वेगळी मांडणी. एका फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसायची. आमच्यासारख्यांनी मग साधा मार्ग शोधला. मजकूर आपल्या संगणकावर जुळवायचा, त्याचं चित्र करायचं आणि ते चित्र वेबसाइटवर चढवायचं. मग ते कुठेही उघडा, मराठी मराठीच दिसणार.

तेव्हा तो इलाज होता. पण युनिकोड सगळीकडे पोहोचलं, गरज संपली, तरी आमचा हात काही सुटला नाही. उलट चित्र करायचंच आहे तर मागे छानसा फोटो का नको, असं म्हणून आम्ही अक्षरांखाली डोंगर, समुद्र, सूर्यास्त, हसरी मुलं असं काय काय घालू लागलो. गिऱ्हाईक खूश होत होतं. मीही खूश होतो.

आता ती चूक सांगतो.

२०१३ सालचा जून महिना. एका शिक्षणसंस्थेच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे होतं. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण चूक संस्थेची नव्हती, माझी होती. वसतिगृहाच्या प्रवेशाची सूचना टाकायची होती. मी पहिल्या पावसातल्या अजिंक्यताऱ्याचा एक सुरेख फोटो घेतला. खाली हिरवा डोंगर, वर पांढुरके ढग. त्यावर पांढऱ्या अक्षरांत सूचना जुळवली. ‘वसतिगृह प्रवेश अर्जाची शेवटची तारीख’ हे शब्द डोंगरावर आले, ते ठळक दिसत होते. ‘११ जून’ हे शब्द ढगावर गेले. मला ते जरा पुसट वाटले, म्हणून मी अक्षरांना थोडी सावली दिली. माझ्या मोठ्या पडद्यावर ते चाललं. सूचना वेबसाइटवर चढली.

चौदा तारखेला मला एक फोन आला. मुलीचा आवाज, बोलणं अतिशय नम्र. “नमस्कार सर. आपला नंबर मला कार्यालयातून मिळाला. मी वसतिगृहाच्या प्रवेशासाठी रोज आपली वेबसाइट बघते. सर, एक विचारू का? त्या ‘बॅनर फायनल टू’मध्ये काय लिहिलंय?”

मला आधी काही कळेना. मग एकदम लख्ख प्रकाश पडला. माझ्या संगणकावर त्या चित्राच्या फाइलला मी दिलेलं नाव होतं ‘बॅनर अंडरस्कोर फायनल टू डॉट जेपीजी’. पहिलं ‘फायनल’ गिऱ्हाइकाला आवडलं नव्हतं, म्हणून हे दुसरं. ते नाव माझ्याशिवाय कुणाला कळायचं कारणच नव्हतं. ते या मुलीला कसं कळलं?

तिनं सांगितलं. ती जन्मापासून पाहू शकत नव्हती. फलटणकडच्या एका गावात राहत होती आणि संगणकावर स्क्रीन रीडर वापरत होती. पडद्यावर जे असेल ते हा प्रोग्रॅम आवाजात वाचून दाखवतो. मजकूर आला की मजकूर वाचतो. चित्र आलं, तर चित्रासोबत लिहून ठेवलेलं वर्णन वाचतो. तसं वर्णनच नसलं, तर पुष्कळदा फाइलचं नाव वाचून मोकळा होतो. ती मुलगी आठवडाभर रोज ते पान उघडत होती आणि रोज ऐकत होती, ‘बॅनर अंडरस्कोर फायनल टू डॉट जेपीजी’. सूचना अजून लागलेली नाही, अशा समजुतीनं ती वाट पाहत होती.

सूचना लागली होती. तारीख उलटून तीन दिवस झाले होते.

मी कार्यालयात गेलो, माझी चूक आहे असं सांगितलं, विनंती केली. त्यांनी ऐकून घेतलं, पण जागा भरल्या होत्या. एखाद्या मुलीला काढून दुसरीला घेणं त्यांच्या हातात नव्हतं. ते वर्ष त्या मुलीनं एसटीनं ये-जा करून काढलं. पहाटेची गाडी, आणि गाडीपर्यंत सोबत करायला शाळकरी धाकटा भाऊ. पुढच्या वर्षी तिला वसतिगृहात जागा मिळाली. पण एक पूर्ण वर्ष दोन भावंडांची झोप माझ्या एका सुंदर फोटोनं खाल्ली, हे मला विसरता येत नाही.

मी तिला भेटायला गेलो. माफी मागितली. तिनं ती फारशी मनावर घेतली नाही. म्हणाली, “काका, तुम्ही बसा संगणकासमोर.” मी बसलो. तिनं चाचपून पडद्याचं बटण बंद केलं. पडदा काळा. “आता तुमची वेबसाइट वापरा.”

दहा मिनिटं मी धडपडलो. मीच तयार केलेली वेबसाइट, आणि मला तिच्यातलं काही सापडेना. ‘बॅनर फायनल टू’, ‘स्लाइड थ्री न्यू’, ‘आयएमजी झीरो फोर सेव्हन’, असं काहीतरी तो आवाज सांगत होता. ती वापरत होती त्या स्क्रीन रीडरचं नाव एनव्हीडीए. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन तरुणांनी त्याची सुरुवात केली. ते दोघंही अंध. तो फुकट मिळतो. म्हणजे तिच्या बाजूनं करायची सगळी तयारी झालेली होती. राहिलं होतं ते माझ्या बाजूचं एका ओळीचं काम. चित्रासोबत त्याचं वर्णन लिहिण्याची सोय वेबच्या भाषेत १९९५ पासून आहे. त्या जागी मी ‘वसतिगृह प्रवेश अर्जाची शेवटची तारीख ११ जून’ एवढं टाइप केलं असतं, तरी भागलं असतं. मुळात ती सूचना साध्या अक्षरांत चित्राखाली लिहिली असती, तर आणखीच बरं.

त्या दिवसापासून मी माझं जुनं काम तिच्या कानांनी तपासायला लागलो. आणि मग लक्षात आलं की, नुकसान फक्त अंध माणसांचं होत नाही. हळूहळू यादी वाढत गेली.

पहिलं नुकसान डोळ्यांचं, म्हणजे ज्यांना दिसतं त्यांच्या डोळ्यांचं. अक्षर वाचता येतं ते त्याच्या रंगामुळे नव्हे. अक्षर आणि त्याच्या मागची जागा यांच्या उजेडात किती फरक आहे, त्यावर ते अवलंबून असतं. हा फरक मोजता येतो. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या जागतिक संघटनेनं २००८ मध्ये त्याचं माप ठरवून दिलं. अक्षर आणि पार्श्वभूमी एकाच रंगाची असतील तर गुणोत्तर १. पांढऱ्यावर काळं असेल तर २१. साध्या आकाराच्या मजकुराला किमान साडेचार हवं, मोठ्या मथळ्याला किमान ३. आपल्या रेल्वे स्थानकांवरच्या पाट्या आठवा. पिवळ्यावर काळी अक्षरं. शुद्ध पिवळ्यावर शुद्ध काळं हे गुणोत्तर साडेएकोणीसच्या वर जातं, म्हणून धावत्या गाडीतूनही स्टेशनचं नाव कळतं. त्याच पिवळ्यावर पांढरी अक्षरं काढली तर गुणोत्तर येईल १.०७, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

आता चित्राची गंमत अशी, की त्याला एक रंगच नसतो. पाटी सगळीकडे पिवळी असते. फोटोत डोंगर गडद, ढग पांढरा, मध्येच एखादा पिवळा रेनकोट. पांढरं अक्षर डोंगरावर वाचता येतं आणि ढगावर विरून जातं. परदेशी सिनेमा पाहताना बर्फाच्या प्रसंगात सबटायटल नाहीशी झाल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. तिथे निदान पुढच्या प्रसंगात ती परत दिसतात. वेबसाइटवरचा ढग हलत नाही.

वय वाढतं तसा डोळ्यातला भिंगाचा भाग पिवळसर आणि धूसर होत जातो, आणि असे बारीक फरक आधी दिसेनासे होतात. आमच्या आईची तक्रार अक्षर लहान असल्याची नसते. “फिकं आहे रे,” असं ती म्हणते. चांगल्या नजरेच्या तरुणानंही भर दुपारी एसटी स्टँडवर उन्हात फोन धरला, तर त्याची नजर तेवढ्यापुरती आईसारखीच होते.

यात आपल्या लिपीची अडचण आणखी वेगळी. इंग्रजी अक्षर एका ओळीत सरळ उभं राहतं. आपलं अक्षर वर मात्रा-वेलांट्या घेतं, खाली उकार घेतं आणि डोक्यावर टिंब देतं. एक टिंब ढगात गेलं की ‘चिंता’ची ‘चिता’ होते, ‘खंत’चं ‘खत’ होतं. आकड्यांत तर १ आणि ९ यांच्यातला फरक एका आकडीचा. मागे झाडाची फांदी आली की अकराचे एकोणीस व्हायला वेळ लागत नाही. आणि एखाद्या सूचनेत महत्त्वाचं काय असतं? तारीख, वेळ, रक्कम, फोन नंबर. चुकले तर नेमके तेच चुकतात.

दुसरं नुकसान लहान पडद्याचं. मी सूचना तयार केली ती आडव्या, रुंद पडद्यावर. वाचणारा ती वाचणार उभ्या, अरुंद फोनवर. अक्षरं चित्रात मुरलेली असतील, तर सगळं चित्र आक्रसून अक्षरं मुंगीएवढी होतात. साधा मजकूर फोनवर आपोआप नव्या ओळीत वळतो. चित्रातला वळत नाही. अक्षरं चित्राच्या वर ठेवलेली असतील, तर वेगळीच तऱ्हा. फोनच्या आकारात बसण्यासाठी चित्राच्या दोन्ही बाजू कापल्या जातात, अक्षरं दुमडून दोनाच्या पाच ओळी होतात, आणि जे शब्द आकाशावर नीट बसवलेले होते ते थेट पाहुण्यांच्या चेहऱ्यावर जाऊन बसतात. एका समारंभाच्या पानावर अध्यक्षांच्या नाकावर ‘सर्वांचे हार्दिक’ आणि हनुवटीवर ‘स्वागत’ असं मी स्वतः पाहिलंय. सांगायला संकोच वाटतो, पण तेही माझंच काम होतं.

तिसरं नुकसान नेटवर्कचं. चित्र जड असतं, मजकूर हलका. डोंगराळ भागात फोनला जेमतेम रेंज असते, तेव्हा मजकूर आधी येतो आणि चित्र मागून येतं, किंवा येतच नाही. गडद फोटोवर पांढरी अक्षरं ठेवलेली आहेत आणि फोटो आलाच नाही, तर काय उरतं? पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं. पान कोरं दिसतं. वाचणाऱ्याला वाटतं, अजून काही लिहिलेलंच नाही. लिहिलेलं असतं आणि फोनपर्यंत पोहोचलेलंही असतं, फक्त दिसत नाही. यावर उपाय अगदी सोपा. चित्राच्या मागे एक गडद रंग आधीच भरून ठेवायचा. एका ओळीचं काम. पण ते आठवणीनं करावं लागतं.

चौथं नुकसान शोधण्याचं. चित्रातली अक्षरं ओळखणारी सोय नसेल, तर चित्रातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवता येत नाही, फोन नंबरवर बोट ठेवून फोन लावता येत नाही, दुसऱ्या भाषेत सहज उलथता येत नाही. आणि उद्या तारीख बदलली, तर एक आकडा बदलण्यासाठी सगळं चित्र नव्यानं करावं लागतं. मग ते कुणी करत नाही आणि जुनी तारीख तशीच फिरत राहते.

आता कुणी म्हणेल, हल्ली फोन चित्रातली अक्षरं ओळखतात, चित्राचं वर्णनसुद्धा करून सांगतात. खरं आहे. २०१३ मध्ये त्या मुलीकडे हे नव्हतं, आज आहे, आणि ती ते वापरतेही. पण या चित्रात काही महत्त्वाचं लिहिलेलं आहे, हे आधी कळावं तर लागतं. आणि जी तारीख माणसाच्या डोळ्याला ढगात दिसत नाही, ती यंत्रानंही चुकीची वाचण्याचा धोका असतोच. यंत्र चुकलं, तर ते चुकल्याचं तिला कळणार कसं? सरळ लिहिलेली तारीख यंत्राला ओळखून काढावी लागत नाही. ती फक्त वाचायची असते.

गंमत अशी, की हे सगळं आपल्या जुन्या कारागिरांना ठाऊक होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात देवाचं चित्र वर असतं आणि तारखा खाली, पांढऱ्या कागदावर. तारखा कुणी लक्ष्मीच्या साडीवर छापत नाही. आमच्या गल्लीत एक पेंटर होते. दुकानाच्या पाटीवर चित्र काढायचं असलं, तरी नाव लिहायच्या जागी ते आधी एका रंगाची सपाट पट्टी ओढून घेत, मग अक्षर लिहीत, मग त्याला गडद कड काढत. मी त्यांना एकदा विचारलं होतं, एवढं कशाला? ते म्हणाले, “चित्र बघायला माणूस थांबतो. पाटी चालता चालता वाचतो.” पुढे संगणक शिकलो आणि त्यांचं हे बोलणं विसरलो.

मग आम्ही वेबसाइटवाले असं का करतो? माझ्यापुरतं उत्तर देतो. एक म्हणजे, काम मंजूर होतं ते मोठ्या पडद्यावर, एसी खोलीत, चांगल्या नजरेच्या माणसांसमोर. दुसरं, तेव्हा चित्र निवडलेलं असतं आणि मजकूर छोटासा, नमुन्याचा असतो. खरा, लांबलचक मजकूर नंतर येतो आणि चित्रावर पसरतो. तिसरं, रिकामी जागा पाहिली की गिऱ्हाइकाला पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. आणि चौथं कारण जरा कडू आहे. आम्हाला कौतुक हवं असतं. ‘काय सुंदर दिसतंय’ असं सगळे म्हणतात. ‘काय छान वाचता आलं’ असं मला आजवर कुणीही म्हटलेलं नाही.

पण हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची नोंद पन्नास लाखांच्या वर होती. सरकारी वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात, यासाठी केंद्र सरकारनं २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं माहिती मिळण्याचा हा हक्क मान्य केला. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं सांगितलं. म्हणजे माझ्या त्या फोटोवरची तारीख हा नुसता सजावटीचा मामला नव्हता.

चित्रं नकोत, असं मी म्हणत नाही. अजिंक्यताऱ्याचा फोटो सुंदरच होता आणि तो तिथे असायलाच हवा होता. पण त्यानं आपल्या जागी राहावं आणि अक्षरांनी आपल्या. मजकूर चित्राच्या खाली किंवा शेजारी ठेवला की दोन्ही मोकळे होतात. वरच ठेवायचा असेल, तर पेंटरकाकांसारखी सपाट पट्टी ओढावी. चित्रासोबत त्याचं वर्णन लिहावं. आणि काम झालं की फोन घेऊन उन्हात जाऊन उभं राहावं. तिथे जे वाचता येईल, तेच आपण लिहिलंय असं समजावं.

श्रोतेहो, आपण म्हणाल, आम्ही कुठे वेबसाइट करतो? पण आपण सगळेच आता थोडे थोडे मुद्रक झालो आहोत. सोसायटीची सभा, वारकऱ्यांची दिंडी, रक्तदान शिबिर, कुणाच्या निधनाची वार्ता, बारशाचं आमंत्रण, हे सगळं आपण चित्र करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. जरूर पाठवा. फक्त त्या चित्राखाली दोन ओळी साध्या टाइप करा: काय आहे, कधी आहे, कुठे आहे, फोन कुणाला करायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. ते वाचणाऱ्यांत कुणाची तरी आई असेल, कुणी डोळ्यांऐवजी कानांनी वाचणारं असेल, कुणी रेंज नसलेल्या वाडीत असेल.

ती मुलगी आज एका बँकेत नोकरी करते. माझी नवी वेबसाइट तयार झाली की गिऱ्हाइकाच्या आधी मी ती तिला पाठवतो. ती ऐकते, चुका सांगते, त्यातल्या काही अजूनही जुन्याच असतात. पान उघडण्याआधी तिचा प्रश्न मात्र ठरलेला असतो, “काका, यात ‘फायनल टू’ नाही ना कुठे?”

मी नाही म्हणतो. आणि तिनं ऐकायला सुरुवात करण्याआधी एकदा गुपचूप तपासून घेतो.



(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)